भाकड दिवसांचा हिशेब

दुधाच्या उत्पादनात भारत १९९८ पासून जगात पहिल्या क्रमांकावर आहे आणि २०२२-२३ या वर्षात देशातील दूध २३ कोटी टनांच्या पुढे गेले. एके काळी परदेशांतून येणाऱ्या भुकटीवर शहरांची तहान भागविणाऱ्या देशाने एवढी मजल मारावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. या दुधाचा जवळजवळ निम्मा भार दीर्घकाळ म्हशीने वाहिला आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात म्हशी १० कोटी ९८ लाख, तर गाई-बैल १९ कोटींच्या वर होते. संख्येने इतकी मागे असूनही म्हैस दुधाच्या बाबतीत गाईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. महाराष्ट्रातील सुमारे ५६ लाख म्हशींपैकी बहुसंख्य मोठ्या दुग्धशाळांत नाहीत. दोन-चार एकरांचा शेतकरी, रोजंदारीवर जाणारे कुटुंब, गावातच राहिलेली वृद्ध आई यांच्या दारात एक किंवा दोन म्हशी बांधलेल्या असतात. देशाच्या दुधाचा डोलारा उभा आहे तो या दावणींवर.

राष्ट्राचा हिशेब टनांत होतो, दूध संघाचा लिटरांत आणि फॅटच्या अंशांत होतो. ज्याच्या दारात म्हैस आहे, त्याचा हिशेब मात्र अखेर दिवसांवर येतो. म्हैस किती दिवस दूध देते आणि किती दिवस नुसती खाते, यावर त्या घराचे बरेवाईट ठरते. हा दिवसांचा हिशेब सरकारी अहवालांत दिसत नाही, कर्जाच्या प्रकरणात मांडला जात नाही आणि संस्थेच्या वहीतही उतरत नाही. छोट्या दुग्धव्यवसायाचे खरे दुखणे नेमके येथे आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत दर दहा दिवसांनी संस्थेकडून मिळणाऱ्या रकमेला 'दुधाचा पगार' म्हणतात. हा शब्द अर्थपूर्ण आहे. शेतातील पीक वर्षातून एकदोनदा पैसा देते. दूध मात्र दर दहा दिवसांनी हातात रोकड ठेवते. त्यातून किराणा येतो, औषधपाणी होते, तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाची खोली आणि खाणावळ भागते. आज शाळांत शिकविणारे आणि कचेऱ्यांत काम करणारे कितीतरी लोक याच पगारावर शिकले आहेत. परंतु मासिक वेतन घेणाऱ्याचा पगार वर्षाचे बारा महिने चालू असतो. म्हशीचा पगार मध्येच बंद पडतो आणि तो पुन्हा केव्हा सुरू होईल हे कोणी सांगू शकत नाही. पगार बंद असला तरी वैरणीचा खर्च थांबत नाही. शेतकरी ज्याला भाकड काळ म्हणतो, तो हा काळ.

हा काळ अटळ आहे काय? काही प्रमाणात आहे, बऱ्याच प्रमाणात नाही. म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण राहते; गाईपेक्षा साधारण एक महिना अधिक. व्याल्यानंतर गर्भाशय पूर्ववत होण्यास दीड-दोन महिने लागतात. त्यानंतर ती दर २१ दिवसांच्या सुमारास माजावर येते. व्याल्यापासून ११० दिवसांच्या आत ती फळली, तर दोन वेतांमधील अंतर सुमारे १४ महिन्यांचे होते. याचा अर्थ असा की दोन महिन्यांच्या विश्रांतीनंतर मालकाच्या हाती दोन किंवा फार तर तीन माज असतात. ते हुकले की पुढचे सगळे गणित बिघडते. आपल्याकडील खेड्यांत दोन वेतांमधील अंतर १५ ते १८ महिने असणे ही नित्याची गोष्ट आहे आणि त्याहून लांबलेल्या म्हशीही कमी नाहीत.

या अंतराचा परिणाम किती होतो, हे एका साध्या उदाहरणाने पाहता येईल. समजा, एक म्हैस दर वेतात ३०० दिवस सरासरी ७ लिटर दूध देते, परंतु १८ महिन्यांनी, म्हणजे ५४० दिवसांनी विते. दुसरी २८० दिवस सरासरी ६ लिटरच देते, पण १४ महिन्यांनी, म्हणजे ४२० दिवसांनी विते. बाजारात पहिलीला अधिक किंमत मिळेल यात शंका नाही. परंतु ३,७८० दिवसांचा, म्हणजे सुमारे दहा वर्षे चार महिन्यांचा हिशेब केला तर पहिलीची सात वेते होतात आणि दूध होते १४,७०० लिटर. त्याच काळात दुसरीची नऊ वेते होऊन दूध होते १५,१२० लिटर. पहिली १,६८० दिवस भाकड राहते, दुसरी १,२६०. कमी दुधाची म्हणून जिला नाक मुरडले गेले, ती दूध अधिक देते, दोन रेडके अधिक देते आणि ४२० दिवस कमी फुकट खाते. दोघींच्या वेतांमधील अंतरात फरक आहे तो अवघ्या १२० दिवसांचा, म्हणजे पाच-सहा माजांचा. धारेच्या लोट्याकडे पाहून म्हशीची पारख करण्याची रीत किती अपुरी आहे, हे यावरून दिसून येते.

हे माज हुकतात का, हा खरा प्रश्न आहे. सर्व दोष शेतकऱ्याच्या अज्ञानावर टाकून मोकळे होणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. गाय माजावर आली की हंबरते, दुसऱ्या जनावरावर उडी घेते, सारी वस्ती तिला ओळखते. म्हशीचे तसे नाही. तिचा माज पुष्कळदा मुका असतो. थोडी बळस पडणे, निरण किंचित सुजणे, वारंवार लघवी करणे, धारेच्या वेळी दूध चोरणे, वैरण अर्धवट टाकणे, एवढ्याच खुणा असतात आणि त्याही पुष्कळदा रात्री किंवा पहाटे दिसतात. माज टिकतो तो जेमतेम एक दिवस. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन व्हावे, हा सर्वमान्य नियम आहे. दवाखाना पाच-सात मैलांवर, तेथील कर्मचाऱ्याकडे दहा-पंधरा गावे, मधला दिवस सुट्टीचा, अशा परिस्थितीत हा नियम पाळला जाणे म्हणजे योगायोगच. म्हशीचा माज कचेरीच्या वेळा पाळत नाही आणि कचेरी म्हशीच्या वेळा पाळावयास तयार नाही. या दोहोंमध्ये २१ दिवस वाया जातात. वरच्या उदाहरणातील म्हशींचे दूध भाकड दिवसांसह दररोज सरासरी चार लिटरच्या आसपास पडते. त्या मानाने हुकलेला एक माज म्हणजे ८० लिटरांहून अधिक दुधाची खोट. गोठ्यातून चोराने एवढे दूध नेले असते तर पोलिसांत तक्रार झाली असती. येथे चोरी झाल्याचे कळतही नाही.

ऋतूचाही म्हशीच्या माजाशी निकटचा संबंध आहे. दिवस लहान होऊ लागले, हवेत गारवा आला की म्हशी माजावर येऊ लागतात. उन्हाळ्यात त्या थंडावतात. काळी कातडी, विरळ केस आणि घाम काढणाऱ्या ग्रंथींची कमतरता यांमुळे उन्हाचा ताप तिला गाईपेक्षा अधिक होतो. म्हणूनच ती पाण्यात डुंबते. तो तिचा आळस नसून गरज आहे. गावतळी बुजली, ओढे डिसेंबरातच आटू लागले आणि गोठ्यावर गवताच्या छपराऐवजी पत्रा आला. भर दुपारी पत्र्याखाली बांधलेली म्हैस धाप टाकीत उभी असते आणि चैत्र-वैशाखात तिचा माज दिसत नाही म्हणून मालक कपाळाला हात लावतो. दिवसातून दोन-तीन वेळा अंगावर पाणी, पत्र्यावर पाचटाचा थर, झाडाची सावली हे उपाय खर्चाचे नाहीत. परंतु त्यांचा संबंध पुढील वर्षीच्या दुधाशी आहे, हे सांगणारा कोणी असावा लागतो.

तिसरे कारण गव्हाणीत आहे. छोट्या शेतकऱ्याची रीत अशी की दूध देणाऱ्या जनावरापुढे पेंड आणि आंबोण, भाकडापुढे उरलेसुरले. टंचाईत असे वागणे स्वाभाविक आहे, पण त्याचा परिणाम उलटा होतो. गाभणपणाच्या अखेरच्या दोन महिन्यांत जिची उपासमार झाली, ती व्याल्यावर दूध देताना अंगची चरबी झिजवते आणि माजावर येण्याची शक्तीच तिच्यात उरत नाही. पूर्वी ज्वारीचा कडबा हा महाराष्ट्रातील दुभत्याचा आधार होता. गेल्या काही दशकांत ज्वारीचे क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटले. तिची जागा घेणाऱ्या सोयाबीन आणि कापसातून तशी वैरण मिळत नाही. उसाच्या पट्ट्यात गाळपाच्या हंगामात म्हशी जवळजवळ वाढ्यांवरच जगतात. वाढे हिरवे दिसतात, पोटही भरतात. पण त्यांतील ऑक्झलेट शरीरातील चुना बांधून टाकते. चुना, स्फुरद, तांबे, जस्त यांच्या कमतरतेने माज येत नाही किंवा आला तरी म्हैस पुन्हापुन्हा उलटते. रोज ५० ग्रॅमच्या आसपास क्षारमिश्रण आणि वाढ्यांच्या जोडीला थोडा लसूणघास किंवा दुसरा द्विदल चारा एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. क्षारमिश्रणाची पिशवी आजही खेड्यांतील किती दुकानांत ठेवलेली असते, हे पाहिले म्हणजे पशुसंवर्धनाचा प्रचार कोठवर पोचला आहे याची कल्पना येते.

चौथे कारण रेड्याचे. कृत्रिम रेतनाने जन्मलेले भारतातील पहिले म्हशीचे रेडकू १९४३ साली अलाहाबादच्या कृषी संस्थेत जन्मले. या घटनेला आठ दशके उलटली. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे 'बाएफ' संस्था स्थापन केली आणि शेतकऱ्याच्या दारात जाऊन रेतन करण्याची पद्धत रुजवून दाखविली. पण राज्यातील या साऱ्या चळवळीचा भर संकरित गाईवर राहिला. म्हशीच्या वाट्याला उरलेले लक्ष आले. गावोगाव म्हैस अजूनही रेड्याकडे नेली जाते आणि तो रेडा कोणता? शेतीत रेड्याचा उपयोग फारसा उरला नाही, म्हणून नर रेडकाला दूध सोडले जात नाही. बहुतेक नर बालपणीच मरतात. जो एखादा वाचतो तो पारख करून निवडलेला नसतो, केवळ जगला म्हणून रेडा ठरतो. त्याच्या आईचे दूध किती होते, ती किती दिवसांनी वीत होती, हे कोणालाच ठाऊक नसते. तोच रेडा पुढे आपल्याच मुलींवर सुटतो आणि एका म्हशीचा गर्भाशयाचा रोग दुसरीपर्यंत नेतो. पिढ्यान्‌पिढ्या अशी निवड होत राहिल्यावर म्हशीचे दूध वाढत नाही, ती वेळेवर वीत नाही, अशी तक्रार करण्यात काय अर्थ आहे?

या दुर्लक्षाचे मूळ शोधावयाचे झाल्यास मुंबईच्या तबेल्यांकडे पाहावे लागते. स्वातंत्र्यापूर्वीपासून मुंबईला दूध पुरविले ते उत्तर भारतातून आणि गुजरातेतून आणलेल्या ताज्या व्यालेल्या म्हशींनी. शहरात वैरण महाग, जागा महाग. म्हैस आटली की तिला पुढच्या वेतापर्यंत पोसण्यापेक्षा खाटकाला विकून दुसरी आणणे तबेलेवाल्याला परवडत असे. अशा रीतीने देशातील उत्तमोत्तम म्हशी एका वेतानंतर संपत गेल्या. १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली, तेव्हा तबेले शहराबाहेर नेण्याबरोबरच या नासाडीचाही विचार जाणत्यांना करावा लागला होता. तबेलेवाल्याने भाकड दिवसांचा प्रश्न म्हैसच काढून टाकून सोडविला. छोट्या शेतकऱ्याला तो मार्ग मोकळा नाही. एका म्हशीच्या जागी दुसरी आणण्याइतके भांडवल त्याच्याकडे नसते. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशींना ती बंदी लागू नाही. त्यामुळे अडचणीतल्या शेतकऱ्याच्या दारी व्यापारी येतो आणि योग्य उपचाराने पुढच्या दोन महिन्यांत फळू शकली असती अशी म्हैस मातीमोल भावाने जाते. घरची दुभत्याची परंपरा तेथेच तुटते.

सरकारी योजनांनी या अनुभवातून काही शिकावयास हवे होते. १९७८ मध्ये सुरू झालेल्या आणि १९८० मध्ये देशभर लागू झालेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात गरीब कुटुंबांना कर्ज आणि अनुदान देऊन दुभती जनावरे देण्यावर मोठा भर होता. १९८५ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ नीलकंठ रथ यांनी या मार्गाने गरिबी हटेल काय, असा मूलगामी प्रश्न विचारला आणि त्यावर देशभर चर्चा झाली. 'पाण्यात म्हैस, बाहेर मोल' ही म्हण या योजनेने अक्षरशः खरी केली. म्हशीची किंमत कागदावर ठरे, दूध कागदावर ठरे आणि हप्ता त्या कागदी दुधावर बसे. म्हैस आटल्यावर हप्ता कोठून यावयाचा, याचे उत्तर त्या कागदात नसे. म्हैस विकली जाई, कर्ज राही. योजनांची नावे त्यानंतर अनेकदा बदलली, परंतु जनावर वाटणे म्हणजे उत्पन्न वाटणे, ही समजूत बदललेली नाही.

याच समजुतीतून जातिवंत म्हशींचे वेड वाढले आहे. रोहतक-हिसारकडील मुऱ्हा ही जगातील उत्तम दुधाळ जातींपैकी एक आहे, याविषयी वाद नाही. पण तिचे दूध हरियाणातील हिरव्या चाऱ्याचे आणि तेथील कसबी पालनाचे फळ आहे. तिला सोलापूरच्या दुष्काळी माळावर आणून वाढे आणि गवतावर ठेवले, तर पहिले वेत सरले की ती लांबते. याउलट सोलापूर, सांगली, कोल्हापूर या भागातील पंढरपुरी म्हैस पाहावी. तलवारीसारखी लांब शिंगे, आटोपशीर अंग, रुक्ष हवामान सोसण्याची ताकद आणि नियमित विण्याबद्दलचा लौकिक हे तिचे गुण आहेत. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गवळी आपल्या म्हशी आणून गिऱ्हाइकांसमोर धार काढून देतात, त्या बहुधा याच जातीच्या. विदर्भातील नागपुरी आणि पूर्णाथडी, मराठवाड्यातील मराठवाडी या म्हशींनीही त्या त्या मातीशी शतकानुशतके जुळवून घेतले आहे. मुऱ्हाला दारबंदी करावी असे नाही; जेथे पाणी, चारा आणि कसब आहे तेथे तिने जरूर नांदावे. परंतु अल्पभूधारकाच्या दावणीला योग्य म्हैस ती, जी त्याच्या वैरणीवर वेळेवर विते. अशा म्हशी देशी जातींत आहेत. त्या निवडून, त्यांच्याच पोटचे रेडे वाढवून त्यांचे रेत गावोगाव पोचविण्याचे काम मात्र नेटाने झालेले नाही.

या सर्वावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. एक-दोन म्हशींचा धंदा हा मुळातच आतबट्ट्याचा आहे. शंभर जनावरांची यांत्रिक दुग्धशाळा हेच भविष्य आहे, असे म्हटले जाते. घरच्या माणसांची मजुरी हिशेबात धरली तर छोट्या गोठ्याचा ताळेबंद पुष्कळदा तोट्याचा निघतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या मजुरीला गावात दुसरे गिऱ्हाईक कोठे आहे? बांधावरचे गवत, पिकाचा पालापाचोळा, घरातील स्त्रीचे सकाळ-संध्याकाळचे दोन-दोन तास यांना म्हैस मोल मिळवून देते, शिवाय शेताला शेणखत देते. १९४६ साली आणंदला सुरू झालेल्या सहकारी चळवळीने आणि १९७० ते १९९६ या काळातील 'दुधाच्या महापुरा'ने याच छोट्या दावणींतून दूध गोळा करून देशाचे चित्र पालटले. १९५५ साली ह. मे. दलाया यांनी तेथे म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखविली, तेव्हा ते अशक्य आहे असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. म्हशीचे दूध साठविण्याचा, नेण्याचा, विकण्याचा प्रश्न या देशाने स्वतःच्या बुद्धीने सोडविला. म्हशीला वेळेवर फळविण्याचा प्रश्न त्याहून सोपा नाही हे खरे. पण त्यासाठी तेवढी बुद्धी आणि तेवढा पैसा कधी लावलाच गेला नाही, हेही तितकेच खरे.

शास्त्र या बाबतीत मागे नाही. हिसार येथे म्हशींसाठी स्वतंत्र केंद्रीय संशोधन संस्था १९८५ पासून आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ साली क्लोन पद्धतीने रेडकू जन्माला आले आणि जगाने त्याची दखल घेतली. प्रामुख्याने माद्याच जन्माव्यात असे रेतही आता मिळू लागले आहे. २०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू झाले. सप्टेंबर २०१९ पासून कृत्रिम रेतनाचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेऊन जनावरांच्या कानांत बारा आकडी बिल्ले मारण्यात आले. प्रयोगशाळेत एवढी प्रगती झाली असताना मुका माज ओळखून वेळेवर दारात येणारा माणूस मात्र मिळत नाही, ही विसंगती आहे. या कार्यक्रमाचे यश किती रेतकांड्या वापरल्या यावर मोजले जाते. वापरलेली कांडी आणि जन्मलेले रेडकू यांत फार अंतर असते. जोपर्यंत मोजमाप कांड्यांचे आहे तोपर्यंत कांड्याच वाढतील.

तेव्हा पहिली सुधारणा मोजमापात हवी. रेतन करणाऱ्याचा मोबदला काही अंशी तरी गर्भ राहिल्याच्या तपासणीशी जोडला पाहिजे. रेतनानंतर दोन-तीन महिन्यांनी गर्भतपासणी ही प्रत्येक म्हशीची हक्काची सेवा ठरली पाहिजे. कारण गाभण आहे असे समजून रिकामी म्हैस सहा-सहा महिने सांभाळणारे हजारो शेतकरी आहेत. कानातल्या बिल्ल्याचा खरा उपयोग तोच: म्हैस केव्हा व्याली, केव्हा भरविली, केव्हा फळली, या तीन तारखा त्याखाली नोंदल्या जाव्यात. या नोंदी साठल्या की कोणत्या म्हशीच्या पोटचा रेडा राखावा हेही आपोआप समजेल.

दुसरी जबाबदारी दूध संस्थांची आहे. कोणत्या सभासदाचे दूध कोणत्या दिवशी आटले, हे संस्थेच्या सचिवाइतके कोणालाच ठाऊक नसते. त्याच्या वहीत ते रोज लिहिलेले असते. दूध आटलेल्या सभासदाचे नाव संस्थेच्या दृष्टीने वहीतून गळते, वास्तविक तेव्हाच त्याच्याकडे पशुवैद्य पाठविला पाहिजे. पुष्टकाळात, म्हणजे थंडीत, दुधाचा लोंढा येतो आणि भाव पडतो; उन्हाळ्याच्या कृशकाळात दूध मिळत नाही म्हणून संघ हैराण होतात. म्हशी ऋतूने बांधलेल्या असल्या तरी गोठ्यातील गारवा, चारा आणि वेळेवर उपचार यांनी हा चढउतार काहीसा सौम्य करता येतो. त्यासाठी संघांनी फॅटच्या दरफरकाबरोबरच सेवेवर खर्च केला, तर तो त्यांच्याच पदरात पडेल. भाकड काळातही गव्हाणीत पेंड पडावी यासाठी दुधाच्या पगारातून थोडी शिल्लक बाजूला ठेवण्याची सोय संस्था करू शकतात. बँकांनीही हप्ते दुधाच्या महिन्यांवर बसवावेत, भाकड महिन्यांवर नव्हे. दोन म्हशी एकदम न देता पाच-सहा महिन्यांच्या अंतराने द्याव्यात, म्हणजे एक आटली तरी दुसरी घर चालवील, हा अनुभवाचा सल्ला कर्जाचा नियम व्हावयास हवा.

तिसरी गोष्ट रेडकांची. नीट पोसलेली वगार साडेतीन वर्षांच्या आसपास विते; हेळसांड झालेली साडेचार-पाच वर्षे घेते. ही दीड वर्षाची नुकसानी म्हणजे शेतकऱ्याच्या घरातले न मांडलेले कर्ज होय. जन्मल्याबरोबर पोटभर चीक, पहिल्या पंधरवड्यात जंताचे औषध, दूध तोडल्यावर थोडा खुराक यासाठी लागणारा पैसा परराज्यातून म्हैस आणण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे. वाहतुकीचे आणि दलालांचे पोट भरणाऱ्या अनुदानापैकी काही भाग घरच्या वगारीसाठी दिला, तर त्याच मातीत वाढलेली म्हैस दावणीला येईल.

आणि या सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की हे ज्ञान योग्य हातांत गेले पाहिजे. खेड्यात म्हशीची धार काढणारी, तिला वैरण घालणारी, पहाटे शेण काढताना तिच्याकडे पाहणारी बहुधा स्त्री असते. मुका माज कोणाला दिसू शकेल तर तिला. परंतु पशुपालनाची शिबिरे भरतात ती पुरुषांची, संस्थेचा सभासद असतो तो पुरुष आणि पगार जातो तो पुरुषाच्या खात्यात. माजाच्या खुणा, तारखांची नोंद, क्षारमिश्रणाचे प्रमाण हे ज्ञान घरातल्या स्त्रीपर्यंत आणि शाळेतल्या मुलीपर्यंत पोचले, तर सगळ्यांत स्वस्त सुधारणा तीच ठरेल. गावच्या शाळेतील शिक्षकाने गणिताच्या तासाला दोन म्हशींचे वरील उदाहरण मुलांकडून सोडवून घेतले तरी ते घरोघर पोचेल.

देशाचे दूध वाढविण्याचे दोन मार्ग आहेत. जनावरांची संख्या वाढविणे हा पहिला. आहे त्या म्हशीचे वाया जाणारे दिवस वाचविणे हा दुसरा. पहिल्या मार्गाला आता वैरणीची आणि पाण्याची मर्यादा पडली आहे. दुसऱ्या मार्गाने जमीन लागत नाही, परकीय चलन लागत नाही. लागते ती वेळेवर पोचणारी सेवा आणि नेटका हिशेब. ज्याच्या दावणीला एकच म्हैस आहे, त्याच्या दृष्टीने तिचे भाकड दिवस म्हणजे घरातील चुलीचे दिवस असतात. ते मोजण्याची तसदी जोपर्यंत शासन आणि सहकार घेत नाहीत, तोपर्यंत कोट्यवधी टनांचा अभिमान त्याच्या घरापर्यंत पोचणार नाही.